घोणस चावल्यावर रक्त गोठत नाही, कारण ते आधीच गोठून संपलेलं असतं

साप चावलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात आणलं की खाटेशेजारच्या ट्रॉलीवर काचेची एक छोटी परीक्षानळी उभी केली जाते. नळी कोरी, कोरडी आणि काचेचीच हवी. तिच्यात शिरेतून काढलेलं दोन मिलिलिटर रक्त सोडायचं, घड्याळात वेळ बघायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वेळ झाली की नळी एकदाच, अलगद तिरकी करायची. निरोगी रक्त तोवर खरवसाच्या वडीसारखं तळाशी थिजलेलं असतं, नळी आडवी केली तरी जागचं हलत नाही. घोणस किंवा फुरसं चावून विष भिनलेल्या माणसाचं रक्त मात्र काचेवरून ओघळत थेट नळीच्या तोंडाशी येतं.

गावाकडे याला ‘रक्ताचं पाणी झालं’ म्हणतात. डोळ्यांना दिसतं ते अगदी तसंच. पण विषाने रक्त पातळ केलं, हे जे कारण बहुतेकांच्या मनात असतं, ते उलटं आहे. घोणशीचं विष रक्त गोठवतं. इतक्या झपाट्याने आणि इतकं सगळीकडे गोठवतं की गोठण्यासाठी लागणारा मालच संपून जातो. नळीत वाहतं ते गोठून झाल्यावर उरलेलं रक्त. हे एकदा नीट कळलं की प्रतिविष आधी आणि प्लाझ्मा नंतर का, पुढची तपासणी सहा तासांनीच का, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन वाया का जातं, या सगळ्याचा उलगडा होतो. आणि हा उलगडा फक्त डॉक्टरांपुरता नको. खाटेशी बसलेल्या नातेवाइकांनाही तो हवा, कारण ‘अजून रक्त पातळच आहे, काहीतरी द्या ना’ हा धोशा त्यांच्याकडूनच सुरू होतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर चालतं, श्वास थांबवतं. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर. हा लेख या दुसऱ्या जोडीबद्दल आहे.

दूध, विरजण आणि लिंबू

रक्त गोठणं हे दही लावण्यासारखं समजून घेता येतं. रक्ताच्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात, फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं, लिटरमागे २ ते ४ ग्रॅम. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण तीन लिटर प्लाझ्मा धरला तर सगळं मिळून ६ ते १२ ग्रॅम. चहाचे दोन-अडीच चमचे भरतील एवढंच. हे आपलं दूध. विरजण म्हणजे थ्रॉम्बिन. ते फायब्रिनोजेनची टोकं कापतं, कापलेले रेणू एकमेकांना चिकटून फायब्रिनचे धागे होतात, आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की गुठळी बसते. शेवटी घटक तेरा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना असे क्रमांक दिलेले आहेत) हे धागे एकमेकांना टाचून पक्के करतो.

विरजण अंगात मोकळं फिरू देणं धोक्याचं. म्हणून शरीर ते प्रोथ्रॉम्बिन या कुलूपबंद रूपात ठेवतं आणि कुलूप उघडायला एक साखळी लावून देतं. रक्तवाहिनी फाटली की तिच्या बाहेरच्या अंगाला असलेलं टिश्यू फॅक्टर रक्ताला भेटतं. त्याच्या जोडीने घटक सात कामाला लागतो आणि घटक दहाला जागं करतो. जागा झालेला दहा पाचला सोबत घेऊन प्रोथ्रॉम्बिन कापतो, की झालं थ्रॉम्बिन तयार. आठ आणि नऊ हे घटक मधल्या वाटेने याच कामाला जोर देतात. त्यांच्यापैकी एक जन्मतः कमी असला की हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. प्रत्येक पायरीवर एक रेणू पुढचे कितीतरी रेणू जागे करतो, म्हणून सुरुवात चिमूटभर आणि शेवट घमेलंभर. १९६४ साली ऑक्सफर्डच्या रॉबर्ट ग्विन मॅकफार्लेन यांनी ‘नेचर’ नियतकालिकात ही वाढत जाणारी साखळी मांडली. त्यांचं आणि घोणशीचं जुनं नातं होतं, ते पुढे येईलच.

साखळीत सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे जागेचं भान. सारा कारभार जखमेच्या तोंडाशी, तिथे जमलेल्या प्लेटलेट पेशींच्या अंगावर चालतो. तिथून थ्रॉम्बिनचा एखादा रेणू निसटलाच तर रक्तातलं अँटिथ्रॉम्बिन त्याला धरून निकामी करतं. बोट कापलं तर बोटाशीच रक्त गोठतं, कोपरापर्यंत गोठत जात नाही, ते यामुळे.

घोणशीचं विष हे भानच घालवतं. त्यातली दोन प्रथिनं नेमकी साखळीच्या मध्यावर घुसतात: एक घटक दहाला कापून जागं करतं, दुसरं घटक पाचला. जखम नाही, टिश्यू फॅक्टर नाही, सातचा इशारा नाही, तरी दहा आणि पाच ही जोडी अंगभर एकदमच कामाला लागते. फुरशाची तऱ्हा आणखी थेट. त्याच्या विषातलं एकॅरिन नावाचं एन्झाइम दहा-पाचच्या वाटेला जातच नाही, सरळ प्रोथ्रॉम्बिनच कापतं.

स्थिर ठेवलेल्या दुधाला विरजण लावलं तर दही एकसंध बसतं. उकळत्या, ढवळत्या दुधात लिंबू पिळलं तर सगळीकडे बारीक कण होतात आणि उरतं ते पाणी. त्या पाण्याला मग कितीही विरजण लावा, दही होत नाही. वाहत्या रक्तात असेच फायब्रिनचे बारीक धागे सर्वत्र बनत जातात आणि प्लाझ्मिन हे शरीराचंच एन्झाइम ते बनतील तसे विरघळवत जातं. म्हणून अशा रुग्णाच्या अहवालात फायब्रिनोजेन जवळजवळ नाहीसं झालेलं आणि डी-डायमर, म्हणजे विरघळलेल्या धाग्यांचे तुकडे, प्रचंड वाढलेले दिसतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की गेल्या दोन-तीन तासांत काय घडलं ते वाचता येतं. डॉक्टर याला कन्झम्प्शन कोॲग्युलोपॅथी म्हणतात. कन्झम्प्शन म्हणजे खर्च होऊन जाणं.

मग गोठणंच थांबवलं तर माल वाचेल, या विचाराने हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देऊन बघितलं गेलं. फायदा दिसला नाही. एकॅरिनने अर्धवट कापलेलं प्रोथ्रॉम्बिन हेपॅरिनच्या तावडीत सापडत नाही, पण फायब्रिनोजेन मात्र कापत राहतं. हेपॅरिनने हाती लागतो तो फक्त रक्तस्रावाचा वाढीव धोका.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रक्त गोठत नाही म्हणजे लगेच रक्त वाहू लागतं असं नाही. नळीतलं रक्त पाण्यासारखं, आणि रुग्ण खाटेवर शांतपणे बोलतोय, असं दृश्य नेहमीचं आहे. रक्तस्रावासाठी गळती लागते, आणि ती सोयही विषात आहे. घोणस-फुरशाच्या विषात जस्ताच्या अणूवर चालणारी काही एन्झाइम असतात. ती केशवाहिन्यांच्या भिंतीखालचं अस्तर कुरतडतात. भिंत झिरपू लागते आणि बुजवायला माल शिल्लक नसतो. पहिली खूण बहुधा हिरड्यांच्या कडेला दिसते: लाल रेघ, पुसली की पुन्हा येणारी. मग सुई टोचलेली जागा, दोन दिवसांपूर्वीचं खरचटलेलं, लघवीचा लाल-काळा रंग. डोकं सतत दुखणं, उलटी, तोंड वाकडं होणं ही मेंदूतल्या रक्तस्रावाची खूण असू शकते, तिथे वाट बघायची नाही.

नळी साधी, पण तिचे नियम कडक

वीस मिनिटांची ही तपासणी १९७०च्या दशकात नायजेरियात फुरशाच्या जातभाईंचे दंश तपासताना डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरात आणली. वीज नको, यंत्र नको, म्हणून ती जगभर पसरली. पण ‘साधी’ या शब्दाने फार नुकसान केलंय. साधी म्हटली की कुठल्याही नळीत कशीही केली जाते.

काचच का? काचेचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. त्याचा स्पर्श झाला की रक्तातला घटक बारा जागा होतो आणि नळीतल्या रक्ताला गोठायला सुरुवातीचा धक्का मिळतो. प्लास्टिकच्या नळीत तो धक्का मिळत नाही. निरोगी माणसाचं रक्तही मग वीस मिनिटांनी वाहतं राहू शकतं, आणि दिवडासारखा बिनविषारी साप चावलेल्या माणसाला विनाकारण प्रतिविषाच्या दहा कुप्या टोचल्या जातात. साबणाने किंवा धुण्याच्या पावडरीने धुतलेल्या काचेचंही तसंच: पातळ थर काचेवर राहतो आणि काच काच राहत नाही. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या विसळून वापरणं तर पूर्ण चूक, त्यात औषधाचा अंश असतो. नळी नवी हवी. नळ्यांच्या खोक्याबद्दल जरा जरी शंका असेल तर सोबत आलेल्या निरोगी नातेवाइकाचं दोन मिलिलिटर रक्त तशाच दुसऱ्या नळीत शेजारी उभं करायचं. तेही गोठलं नाही तर दोष नळीचा.

दुसरी चूक उत्सुकतेपोटी होते. पाच मिनिटांनी कुणीतरी नळी हलवून बघतं, दहाव्या मिनिटाला आणखी कुणी. बनू लागलेलं जाळं हलवल्याने मोडतं. नळी स्टँडमध्ये, पंख्याच्या थेट झोतापासून दूर, आणि नळीवर रक्त सोडल्याची वेळ लिहिलेली, एवढं केलं तरी निम्म्या चुका टळतात.

श्रीलंकेत घोणशीच्या दंशांवर झालेल्या दोन अभ्यासांनी हे आकड्यांत दाखवलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात, वॉर्डात रोजच्या धबडग्यात केलेल्या या तपासणीने खरोखर रक्त बिघडलेल्या शंभरातले फक्त ४० रुग्ण पकडले. २०१७च्या दुसऱ्या अभ्यासात नळी ठरावीक मापाची, रक्त मोजून आणि करणारी माणसं शिकवलेली होती. तिथे हे प्रमाण ८२ झालं. तपासणी तीच, विष तेच. बदलले ते हात आणि नळी.

तरीही उरलेले अठरा कुठे गेले? नळी शेवटचा टप्पा दाखवते. फायब्रिनोजेन खूपच खाली गेल्याशिवाय रक्त वाहतं राहत नाही, त्यामुळे निम्मा माल संपला असतानाही नळीत गुठळी बसू शकते. म्हणून ‘पहिली नळी गोठली, घरी जा’ असं कधीच करायचं नाही. पहिले तीन तास दर तासाला आणि मग २४ तासांपर्यंत सहा-सहा तासांनी नळी पुन्हा लावायची.

मोठ्या रुग्णालयात पीटी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची मापं) आणि फायब्रिनोजेन मोजता येतं, ते केव्हाही उत्तम. पण दोन खाचखळगे तिथेही आहेत. बोटाच्या थेंबावर चालणारी काही छोटी आयएनआर यंत्रं धागे बनले का ते बघतच नाहीत. थ्रॉम्बिन तयार झालं का एवढंच विजेच्या संकेताने मोजतात. इथे तर अडचण थ्रॉम्बिनची नाही, फायब्रिनोजेनची आहे. यंत्र ‘सर्व ठीक’ सांगतं आणि रुग्णाचं रक्त पाण्यासारखं असतं. दुसरा खळगा निळ्या बुचाच्या नळीचा. तिच्यातलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून रक्त प्रयोगशाळेत जाईपर्यंत गोठत नाही. पण एकॅरिनला कॅल्शियम लागतच नाही. फुरसं चावलेल्या माणसाचा नमुना सायट्रेटमध्येही आतल्या आत खर्च होत राहू शकतो. म्हणून असा नमुना टेबलावर तासभर पडू द्यायचा नाही, आणि चिठ्ठीवर ‘सर्पदंश’ लिहायचं.

दहा कुप्यांचं गणित

प्रतिविष, म्हणजे दवाखान्यात सगळे ज्याला एएसव्ही म्हणतात ते, घोड्यांना थोडंथोडं विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून बनतं. मुंबईत परळच्या हाफकिनचं नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. भारतातलं प्रतिविष चार सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. एक मिलिलिटर प्रतिविष घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं, फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम.

घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं भारतीय उपचारपद्धतीत धरलेलं आहे. एका कुपीत १० मिलिलिटर, म्हणजे दहा कुप्यांत १००. शंभर गुणिले ०.६, झाले ६० मिलिग्रॅम. पहिला डोस दहा कुप्यांचा असतो तो या हिशेबाने. साप समोरच्याचं वजन बघून विष सोडत नाही, म्हणून पाच वर्षांच्या पोरालाही दहाच कुप्या. ‘मूल लहान आहे, अर्धा डोस देऊ’ ही माया मुलाच्या जिवावर बेतते.

कुपीत बहुधा पूड असते. १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून कुपी तळहातांमध्ये फिरवायची. खळखळ हलवली तर फेस होतो, प्रथिनं बिघडतात आणि मात्राही नीट ओढता येत नाही. मग हे सगळं सलाइनमध्ये मिसळून तासाभरात शिरेतून द्यायचं. दंशाच्या जागेभोवती टोचण्यात काही अर्थ नाही. आधी कातडीवर चाचणी घेण्यातही नाही, ती कोणाला त्रास होईल हे सांगू शकत नाही आणि वेळ खाते. त्याऐवजी अॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी तयार ठेवायचं. घोड्याच्या प्रथिनांमुळे रुग्णाच्या अंगाला खाज सुटली, गांध्या उठल्या, उलटी झाली, छाती घरघरली की सलाइन थांबवून मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यायचं, आणि रुग्ण सावरला की प्रतिविष पुन्हा हळू सुरू करायचं. रक्त गोठत नसताना स्नायूत सुई टोचायची नाही, हा नियम. त्याला हा एकच अपवाद.

आता तो सहा तासांचा प्रश्न. प्रतिविष रक्तातलं मोकळं विष लवकर निकामी करतं. पण संपलेलं फायब्रिनोजेन ते परत आणत नाही, आणू शकतही नाही. लिंबाचा आंबटपणा मारला म्हणून नासलेल्या पाण्याचं दूध होत नाही. नवं दूध गोठ्यातूनच यायला हवं. इथला गोठा म्हणजे यकृत. नळीत गुठळी बसेल इतका माल तयार करायला त्याला साधारण सहा तास लागतात. दोन तासांनी नळी लावली तर रक्त वाहतंच दिसणार, मग घबराट, मग आणखी दहा कुप्या, आणि पुढच्या रुग्णासाठी कपाट रिकामं. सहा तासांनंतरही रक्त वाहतं असेल तर मात्र विष अजून चालू आहे, चावलेल्या जागेतून ते रक्तात उतरतंय असं समजून पुन्हा पाच ते दहा कुप्या द्यायच्या. एकूण वीस ते तीस कुप्यांपलीकडे सहसा काही मिळत नाही. तिथे थांबून विचार करायचा: साप या चारांपैकीच होता ना?

ताज्या गोठवलेल्या प्लाझ्मात फायब्रिनोजेन असतं, मग तो लगेच का नाही द्यायचा? कारण विष जिवंत असताना प्लाझ्मा देणं म्हणजे लिंबू पिळलेल्या पातेल्यात पुन्हा दूध ओतणं. तेही नासतं. आधी प्रतिविष. ते देऊनही रक्तस्राव जिवावर उठत असेल, तर प्रतिविषाच्या पाठोपाठ प्लाझ्मा किंवा क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे प्लाझ्मातून काढलेला फायब्रिनोजेनचा दाट अंश, देतात. व्हिटॅमिन के तर इथे अगदीच गैरलागू. ते यकृताला काही घटक नीट घडवायला मदत करतं. घडवण्यात खोट नव्हतीच, घडवलेलं लुटलं गेलंय.

या काळात काय करायचं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. दंशावर ब्लेडने चीर देणं, करकचून दोरी बांधणं, चोखणं यांनी विष निघत नाही. न गोठणाऱ्या रक्ताला फक्त नवी वाट मिळते. हात-पाय फळीने स्थिर ठेवून १०८ बोलवायची, दंशाची वेळ लिहून ठेवायची, तेवढं पुरे. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन नको, पॅरासिटामॉल चालतं. पाय टम्म सुजला म्हणून रक्त गोठत नसताना त्यावर सुरी चालवायची नाही. आणि लघवी मोजायची, कारण घोणशीच्या विषाने मूत्रपिंडं बंद पडतात. रक्त सावरलं म्हणून मूत्रपिंडंही सावरली असं धरून चालत नाही. घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर चट्टे आले तर तो घोड्याच्या प्रथिनांवरचा उशिराचा त्रास असतो, औषधाने बरा होतो, पण डॉक्टरांना दाखवायला हवा.

कुठला साप, कुठलं विष

प्रतिविषासाठी लागणारं विष मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतून येतं. तिथे इरुळा समाजाची सहकारी संस्था १९७८ पासून साप पकडून, विष काढून, पुन्हा सोडून देण्याचं काम करते. या लोकांच्या कसबावर देशभरातले हजारो जीव वाचलेत. पण सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. तिकडच्या घोणशीच्या विषावर बनलेलं प्रतिविष दुसऱ्या टोकाच्या घोणशीवर तितकंच चालेल याची खात्री नसते. राजस्थानातल्या फुरशाच्या उपजातीवर तर ते कमी पडतं, हा अनुभव पक्का आहे. सह्याद्रीतल्या चापड्यासारख्या सापांवर या चार सापांच्या प्रतिविषात काहीच नाही. त्यांचे दंश सहसा जिवावर बेतत नाहीत एवढाच दिलासा.

नावांनीही घोळ होतो. डुरक्या घोणस ही नावाला घोणस, पण बिनविषारी. उलट खऱ्या घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हातात घेणारे कमी नाहीत. पाठीवर साखळीसारख्या गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, ही घोणस. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर हातभर लांबीचा, वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढणारा, तो फुरसं. साप मारून आणायची किंवा पकडायची गरज नाही. नळी आणि लक्षणं यांवरून उपचार ठरतात.

तेच विष, प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये

१९३४ साली तरुण मॅकफार्लेन आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले सरपटणाऱ्या प्राण्यांचे अधिकारी बर्जेस बार्नेट यांनी निरनिराळ्या सापांची विषं हिमोफिलियाच्या रुग्णांच्या रक्तावर घालून पाहिली. सगळ्यांत सरस ठरली घोणस. दहा हजार पट पातळ केलेलं तिचं विष हे न गोठणारं रक्त भराभर गोठवत होतं. कारण आता सरळ दिसतं: हिमोफिलियात तुटलेले दुवे आठ किंवा नऊ, आणि विष काम करतं त्यांच्या पुढच्या दहावर. तुटलेला पूल ओलांडायची गरजच नाही. पुढे ‘स्टिपव्हेन’ या नावाने ते दात काढल्यावरच्या रक्तस्रावावर वरून लावण्यासाठी विकलं गेलं. तीस वर्षांनी साखळी मांडणारा माणूस तिच्या मधल्या कडीला असा आधीच हात लावून आला होता.

आजही अनेक मोठ्या प्रयोगशाळांत हे विष रोज वापरात असतं. वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा तरुण वयात पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला डॉक्टर ‘डीआरव्हीव्हीटी’ लिहून देतात, त्यातली आर-व्ही-व्ही ही अक्षरं घोणशीच्या विषाचीच (रसेल्स व्हायपर व्हेनम) आहेत. घटक दहाला विषाने जागं करायचं, आणि पुढच्या कामाला लागणारं फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ, मुद्दाम कमी ठेवायचं. रुग्णाच्या रक्तात फॉस्फोलिपिडला जाऊन बसणारी प्रतिपिंडं असतील तर नळीत गोठायला उशीर होतो; फॉस्फोलिपिड भरपूर घातलं की वेळ पुन्हा ताळ्यावर येतो. फुरशाचं एकॅरिनही असंच कामाला लावलंय: थ्रॉम्बिन अडवणाऱ्या डॅबिगॅट्रानसारख्या औषधांचा असर त्याने मोजता येतो. आणि हृदयविकाराच्या झटक्यात प्लेटलेट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून देतात ते टायरोफिबान, त्याचा आराखडा फुरशाच्या विषातल्या एका छोट्या प्रथिनावरून सुचलेला आहे.

संशोधनाचा आताचा जोर मात्र दवाखान्याच्या आधीच्या वेळेवर आहे. शेतातून रुग्णालयात पोहोचेपर्यंत जे दोन-तीन तास जातात, त्यातच फायब्रिनोजेन संपतं. प्रतिविष तोंडाने देता येत नाही, गावात कुणालाही देता येत नाही. पण विषातली जी एन्झाइम जस्तावर चालतात, त्यांचं जस्त काढून घेतलं तर? पारा, शिसं अशा धातूंच्या विषबाधेवर पूर्वीपासून वापरात असलेलं युनिथिऑल नेमकं हेच करतं, आणि ते गोळीच्या रूपात घेता येतं. केनियात निरोगी स्वयंसेवकांवर त्याची सुरक्षितता तपासली गेली आहे. विषातल्या दुसऱ्या एका एन्झाइमवर चालणाऱ्या व्हॅरेस्प्लाडिबची चाचणी तर अमेरिकेसोबत भारतातल्या सर्पदंश रुग्णांवरही झाली. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट तिथे गाठलं गेलं नाही, पण दंशानंतर लवकर औषध मिळालेल्यांवर आता पुढचा भर आहे. यातलं कुठलंही औषध प्रतिविषाच्या जागी सुचवलेलं नाही. अपेक्षा एवढीच आहे की गोळी गिळून जीपमध्ये बसलेला माणूस रुग्णालयात उतरेल तेव्हा त्याचं थोडं तरी फायब्रिनोजेन शाबूत असावं, आणि ट्रॉलीवरची ती पहिली नळी तिरकी केल्यावर रक्त जागचं हलू नये.